आधी कड पाहा, चकाकी नंतर

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या इंग्रजी नाण्यांवर आलेला लेख आवडीने वाचला. विषय मराठीत फारसा येत नाही, म्हणून बरे वाटले. मात्र लेखातल्या एका छायाचित्राखाली ‘पेनी, १९६७, प्रूफ’ असे छापले आहे आणि मजकुरात ‘आरशासारखी चकाकणारी पेनी म्हणजे प्रूफ’ असे एक वाक्य आहे. दोन्ही चूक आहे, आणि या चुकीपायी लोकांचे पैसे जातात. जहाजावर नोकरी केलेल्यांच्या, पूर्व आफ्रिकेत किंवा विलायतेत राहून आलेल्यांच्या घरी जुन्या पेट्यांतून पेनी निघतात. नाण्यांच्या प्रदर्शनात तीच पेनी घासूनपुसून, ‘प्रूफ’ अशी चिठ्ठी लावून कितीतरी पटीने विकली जाते. म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहोत. जागेअभावी काटछाट करावी लागली तर सनांचा भाग तेवढा राखावा. घरी बसून सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो.

प्रूफ म्हणजे नाण्याची अवस्था नव्हे, संग्राहकांसाठी किंवा नोंदीसाठी खास निगुतीने नाणे पाडण्याची पद्धत. प्रूफ पेनी कुणी खिशात टाकून वापरली तर ती झिजलेली प्रूफ ठरते, पण प्रूफच राहते. उलट साधी पेनी टांकसाळीतून निघाल्यापासून कोणाचा हात न लागता पडून राहिली तरी ती साधीच. फार तर तिला यूएनसी (अनसर्क्युलेटेड, म्हणजे चलनात न फिरलेली) म्हणा.

साधी पेनी पाडताना कोरी चकती दोन ठशांच्या मध्ये, पोलादी कॉलरच्या कड्यात बसते. एकच दणका बसतो आणि नाणे आधीच्या नाण्यांच्या ढिगावर जाऊन आदळते. एका जोडठशावर हजारो नाणी निघतात. दर दणक्याला धातू मध्याकडून कडेकडे सरकतो आणि सरकता सरकता ठशाच्या पृष्ठावर केसाहून बारीक चऱ्या पाडतो. पुढच्या नाण्यांवर त्याच चऱ्या उमटतात. कोरे करकरीत नाणे एका दिव्याखाली तिरके धरून फिरवले की चाकाच्या आऱ्यांसारखे उजेडाचे पट्टे गरगरतात, ते या चऱ्यांमुळे.

प्रूफसाठी ठसा आधी पॉलिश करून घेतात, चकतीही निवडून, चकचकीत करून घेतात. दाब जास्त देतात आणि त्याच चकतीवर दोन किंवा अधिक दणके देतात. नाणे हाताने उचलून वेगळे ठेवतात. ठशावर चऱ्या धरायच्या आतच तो पुन्हा पॉलिशला जातो. त्यामुळे प्रूफच्या फील्डवर, म्हणजे चित्राभोवतीच्या मोकळ्या सपाट जागेवर, फिरणारे आरे दिसत नाहीत. तिथे सलग, स्थिर, खोल आरसा दिसतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. नाण्यावर जे उंच, ते ठशात खोल. ठसा पॉलिश करताना घासली जाते ती त्याची वरची पातळी, म्हणजे नाण्याचे फील्ड. राजाचा चेहरा, काट्यावरची ढाल-त्रिशूळ घेतलेली ब्रिटानिया, अक्षरे ठशात खड्ड्यात असतात, तिथे पॉलिश पोचत नाही आणि पृष्ठ दुधी, मंद राहते. काही प्रूफवर काळ्या आरशातून पांढरट चेहरा वर आल्यासारखा दिसतो तो यामुळे. पण ठशातला हा मंदपणा पहिल्या थोड्या नाण्यांतच गुळगुळीत होऊन जातो. म्हणून विसाव्या शतकातल्या बहुतेक प्रूफ पेनीत चेहराही फील्डइतकाच चकचकीत असतो. आपल्या टांकसाळीचे हल्लीचे प्रूफ सेट पाहून ‘चेहरा दुधी नाही, म्हणजे प्रूफ नाही’ असा निकाल देणारे पुष्कळ भेटतात. जुन्या पेनीला ही कसोटी लागू नाही.

आता सन. भिंग हातात घेण्याआधी नाण्यावरचे वर्ष वाचावे, कारण अर्धे दावे तिथेच गळून पडतात. विसाव्या शतकात सर्वसामान्य ग्राहकांसाठी निघालेल्या ज्या ब्रिटिश प्रूफ संचांत ब्राँझची जुनी (दशमान पद्धतीआधीची) पेनी होती, त्यांची वर्षे पाचच: १९३७, १९५०, १९५१, १९५३ आणि १९७०. १९३७ चे संच साधारण २६,४००, १९५० चे १७,५१३, १९५१ चे २०,०००, १९५३ चे ४०,००० आणि १९७० चे सुमारे साडेसात लाख. १९०२, १९११ आणि १९२७ या वर्षीही प्रूफ संच निघाले, पण त्यांत ब्राँझ नव्हतेच. तेव्हा ‘१९११ च्या संचातली प्रूफ पेनी’ असे कोणी म्हणाले तर नाणे बघायचीही गरज नाही. इतर वर्षांच्या प्रूफ पेनी टांकसाळीने नोंदीसाठी किंवा खास लोकांसाठी मोजक्या पाडल्या. त्या कधीमधी बाजारात येतात, पण नामांकित लिलावातून आणि पूर्वीच्या मालकांच्या कागदपत्रांसह येतात, दहा रुपयांच्या डब्यातून नाही.

१९७० ची पेनी चलनात आलीच नाही, फक्त संचासाठी पाडली गेली. तेव्हा त्या सनाची अस्सल पेनी दिसायला कितीही कळकट असली तरी ती प्रूफच. आणि १९६७? चलनातल्या जुन्या पेनीचे ते शेवटचे वर्ष. त्या सनाच्या पेनी ६५ कोटींहून जास्त पाडल्या गेल्या, संच निघाला नाही. लोकांनी आठवण म्हणून मूठमूठभर जपून ठेवल्यामुळे आजही त्या लालभडक, कोऱ्या अवस्थेत हव्या तेवढ्या मिळतात. आपल्या पुरवणीतली पेनी यातलीच एक.

राणी व्हिक्टोरियाच्या तरुणपणीच्या मुखवट्याची तांब्याची पेनी असेल तर १८३९ हे साल लक्षात ठेवावे. त्या सनाची पेनी फक्त प्रूफ संचात होती. तिच्या मुखवट्याची चलनातली मोठी तांब्याची पेनी १८४१ पासून सुरू होते. पण १८५९ मधल्या ५ चा ३ करणे हत्यार चालवणाऱ्याला अवघड नाही. म्हणून १८३९ दिसले की तिसरा आकडा दहापट भिंगाखाली बघावा. आकड्याभोवतीचे फील्ड शेजारच्या फील्डपेक्षा खोलगट किंवा वेगळ्या पोताचे दिसले तर तिथे खरवडलेले आहे. १८२६, १८३१ आणि १८५३ या वर्षांचे प्रूफ संच आहेत आणि त्याच वर्षांच्या चलनी पेनीही आहेत, त्यामुळे तिथे नुसत्या सनावर भागत नाही.

तपासायला फार काही लागत नाही. दहापट भिंग, एक साधा दिवा, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा तराजू आणि प्लॅस्टिकचा कॅलिपर. दिवा एकच आणि टोकदार प्रकाशाचा हवा. ट्यूबलाइटचा उजेड चहूबाजूंनी पसरतो, त्यात ओरखडेही लपतात आणि आरेही. टेबलावर घडी घातलेला पंचा पसरावा, नाणे निसटलेच तर त्यावर पडेल. नाणे धुऊन कोरड्या केलेल्या दोन बोटांत फक्त कडेने धरावे. सुती हातमोज्यांत पेनी सटकते, हा आमचाच अनुभव नाही, सगळ्यांचा आहे.

पहिल्यांदा कड. छापा आणि काटा सगळेच बघतात, तिसरी बाजू कोणी बघत नाही. प्रूफमध्ये दुहेरी दणक्याने धातू ठसा आणि कॉलर यांच्या कोपऱ्यात ठासून भरतो. त्यामुळे उंच किनार वरून सपाट असते आणि बाहेरच्या कडेला काटकोनात भेटते, गुण्याने आखल्यासारखी. कधी दाब इतका होतो की कॉलर आणि ठसा यांच्या फटीत धातू घुसतो आणि किनारीवर पातळ पात्यासारखा उभा राहतो, नखाला जाणवतो. साध्या पेनीत एकाच दणक्यात तो कोपरा पूर्ण भरत नाही, आणि किनार बाहेरच्या अंगाला किंचित उतरती, बोथट असते. खात्रीच्या साध्या पेनीशेजारी धरून पाहिले की पुन्हा कोणाला विचारावे लागत नाही. ही कसोटी आम्ही चकाकीच्या आधी ठेवतो याचे कारण असे की चकाकी घरी आणता येते, काटकोन आणता येत नाही. पॉलिशने काटकोन उलट जातो.

किनारीच्या आतल्या अंगाला बारीक दात्यांची किंवा मण्यांची ओळ असते. प्रूफमध्ये दोन दात्यांमधली फट तळापर्यंत स्वच्छ असते, प्रत्येक दाता सुटा दिसतो. साध्या नाण्यात ठसा जुना होत जातो तसे दाते फुगून किनारीत मिसळतात. अक्षरांचे पाय बघावेत: प्रूफमध्ये अक्षर फील्डमधून सरळ उभे राहते, साध्या नाण्यात पायथ्याशी धातू बाहेरच्या दिशेला जरा ओढल्यासारखा दिसतो, आणि पाय फाकतात.

मग ब्रिटानिया. ढालीवरच्या फुलीच्या रेघा, त्रिशूळ धरलेली बोटे, गुडघ्यावरच्या वस्त्राच्या चुण्या, शिरस्त्राणाचा तुरा. साध्या पेनीत बोटे मिटून एक गोळा होतात. पंचम जॉर्जच्या १९११ पासूनच्या पेनीत तर राजाचा चेहरा ठशात इतका खोल होता की धातू तिकडेच ओढला जाई आणि काट्याच्या बाजूला ब्रिटानियाच्या मागे राजाच्या डोक्याची भुतासारखी पुसट बाह्यरेषा दिसे. चेहरा लहान करून १९२८ पासून हे निस्तरले. त्या काळातल्या अगदी कोऱ्या पेनीतही ब्रिटानिया बुळबुळीत असते. तिला झीज समजू नये, आणि एखादी जरा ठसठशीत निघाली म्हणून तिला प्रूफही समजू नये.

चकाकी आता. हेच वर्तमानपत्र टेबलावर पसरा, पेनी कडेवर उभी धरा आणि फील्डमध्ये खालच्या बातमीचे प्रतिबिंब पाहा. बऱ्या अवस्थेतल्या प्रूफमध्ये बोटभर लांबच्या ओळींची अक्षरेही उलटी पण वाचता येण्यासारखी दिसतात. नव्या साध्या पेनीत कडेला टेकलेली एखादी ओळ दिसते, पुढे धुके. त्यानंतर पेनी दिव्याखाली तिरकी करून फिरवा. आरे गरगरले तर साधी. नव्या पॉलिश केलेल्या ठशातून निघालेली पहिली काही चलनी नाणीही आरसा दाखवतात आणि भल्याभल्यांना फसवतात. त्यांची किनार मात्र बोथटच असते. जुन्या, काळवंडलेल्या प्रूफमध्ये आरसा मंदावलेला असतो, तेव्हा ही परीक्षा नापास म्हणजे प्रूफ नाही असेही धरू नये.

फील्डवर बारीक रेघा दिसल्या तर घाबरू नका, वाचा. ठसा पॉलिश करताना ठशावर पडलेल्या रेघा नाण्यावर उंच उमटतात. पुसताना पडलेले ओरखडे खोल असतात. उंच की खोल हे नवख्याला ओळखता येत नाही. त्यावर सोपा उपाय आहे. एक रेघ धरा आणि तिच्या मागे मागे जा. ती अक्षराच्या पायथ्याशी थांबली आणि अक्षराच्या पलीकडून त्याच ओळीत पुन्हा सुरू झाली, तर ती ठशावरची. अक्षर ठशात खड्ड्यात होते, पॉलिशची काडी त्यावरून उडी मारून गेली. रेघ अक्षराच्या डोक्यावरूनही चढून गेली तर ती नाण्यावर नंतर पडलेली, कुणाच्या तरी रुमालाची.

घरगुती ‘प्रूफ’ही इथेच पकडली जाते. चिंच आणि मीठ लावून देवघरातला तांब्या घासावा तशी पेनी घासली की ती लख्ख होते यात शंका नाही. पण आम्ल वरचा थर खाऊन टाकते आणि खालचे पृष्ठ सूक्ष्म खड्ड्यांचे करून ठेवते. रंग साल्मन माशाच्या मांसासारखा गुलाबी येतो, आरे फिरत नाहीत आणि प्रतिबिंबही पडत नाही. नुसता निर्जीव उजळपणा. यंत्राच्या फिरत्या बफने घासलेली पेनी जास्त फसवी. तिच्यात प्रतिबिंब पडते. तिला पकडायचे ते अक्षरांच्या पोटात. ओ, डी, आर या इंग्रजी अक्षरांच्या बंद पोटात बफचे कापड शिरत नाही, तिथे जुना काळसरपणा तसाच राहतो, आणि बाहेरच्या अक्षरांचे कोपरे साबणाच्या वडीसारखे गोल होतात. खऱ्या प्रूफचा आरसा ओ च्या पोटातही तेवढाच असतो. निकेल किंवा क्रोमचा मुलामा चढवलेल्या पेनीही फिरतात, त्यांच्याबद्दल काय लिहायचे!

सगळ्यात जास्त घोळ १९५० आणि १९५१ च्या पेनीचा होतो. कारण उघड आहे. १९५० च्या चलनी पेनी अवघ्या २,४०,००० आणि १९५१ च्या १,२०,०००. इंग्लंडात तेव्हा पेनीची चणचण नव्हती. या पेनी बर्म्युडाला गेल्या आणि मागाहून नाण्यांच्या व्यापाऱ्यांनी त्यातल्या बऱ्याच कोऱ्या अवस्थेत परत आणल्या. त्यामुळे १९५१ ची चलनी पेनी सहसा भेटते ती चकचकीतच, आणि प्रूफही संचातून सुटी करून विकली जाते. दोन्ही शेजारी ठेवा. चलनी पेनी नारिंगी-लाल, तिच्यावर आरे फिरतात, राजाच्या गालावर आणि फील्डवर पोत्यात एकमेकांवर आपटून पडलेल्या बारीक टिचक्या असतात. प्रूफचा रंग बहुधा जरा गडद, डब्यात राहून कधी निळसर-जांभळी छटा धरलेला; टिचक्या नाहीत, पण पुसल्याच्या रेघा असू शकतात; किनार धारदार. इथे ‘प्रूफ म्हणजे जास्त मोलाची’ हा हिशेबही डोळे मिटून करू नये. २०,००० प्रूफ जपून ठेवण्यासाठीच पाडल्या होत्या आणि त्यातल्या बहुतेक टिकल्या. १,२०,००० चलनी पेनीतल्या किती कोऱ्या राहिल्या असतील, याचा विचार करावा.

जाता जाता: षष्ठ जॉर्जच्या १९४८ पर्यंतच्या पेनीवर ‘इंड इम्प’, म्हणजे भारताचा सम्राट, ही लॅटिन अक्षरे आहेत, १९४९ पासून नाहीत. १९५० किंवा १९५१ च्या पेनीवर ती दिसली तर सनात फेरफार झालेला आहे. आणि १९४४ ते १९४६ च्या पेनी टांकसाळीनेच हायपोने, फोटो धुणारे वापरायचे त्या रसायनाने, मुद्दाम काळवंडून बाहेर काढल्या. त्यांचा एकसारखा तपकिरी-काळा रंग पाहून ‘ब्राँझ्ड प्रूफ’ म्हणून विकणारे आहेत.

ब्राँझ्ड हा शब्द खऱ्या अर्थाने लागू होतो तो तांब्याच्या जुन्या पेनींना. १७९७ ची, सोहो टांकसाळीचा मालक मॅथ्यू बोल्टन याची पेनी घ्या. बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीत वाफेच्या यंत्रावर पाडलेली, ठसे खोदकार क्यूखलरचे, वजन पूर्ण एक औंस म्हणजे २८.३ ग्रॅम, व्यास ३६ मिलिमीटर. रुंद उंच किनार आणि त्यात खोल कोरलेली अक्षरे, म्हणून इंग्रज तिला ‘गाडीचे चाक’ म्हणत. तिची प्रूफ तांब्यात, ब्राँझ्ड आणि सोन्याचा मुलामा दिलेली अशी मिळते. ब्राँझ्ड प्रूफसाठी चकतीवर पाडण्याआधीच तपकिरी थर चढवत, मग ठसा मारत. रंग चॉकलेटसारखा, फील्डवर, चेहऱ्यावर आणि अक्षरांच्या तळाशी सगळीकडे सारखा. अशी पेनी घासली गेली तर गालावर, खांद्यावर तांब्याचा लालसर ठिपका उघडा पडतो. साध्या पेनीचा तपकिरी रंग वयाने आलेला असतो. तो उंच भागावर फिका आणि खोबणीत गडद असतो.

नकली ब्राँझिंग म्हणजे नाणे तव्यावर तापवणे, लॅकर किंवा चक्क बुटाचे पॉलिश. ते अक्षरांच्या कोपऱ्यांत साचून राहते. लॅकरची शंका असेल तर काचेच्या वाटीत शुद्ध ॲसिटोन घेऊन पेनी पाच मिनिटे बुडवावी, घासू नये, बाहेर काढून तशीच सुकू द्यावी. खिडकी उघडी हवी, जवळपास गॅस पेटलेला नको, आणि नखांचे रंग काढायचे सुगंधी द्रावण चालणार नाही, त्यातले तेल नाण्यावर राहते. लॅकर उतरते, खऱ्या रंगाला काही होत नाही. मुलाम्यासाठी तर ॲसिटोनही नको. एखादा ओरखडा शोधा आणि त्याच्या तळाशी पाहा. तळाशीही सोने दिसले तर ओरखडा आधीचा आणि सोने नंतरचे, म्हणजे पेंडंटसाठी कुणी सोनाराकडून चढवून घेतलेले. किनारीवर वरच्या बाजूला डाग दिलेल्या कडीचा अवशेष बहुधा सापडतोच.

चाकपेनीत कडेची कसोटी जरा बदलून लावायची. किनार रुंद असल्याने बाहेरचा कोपरा नेहमीच ठोकलेला असतो. एवढे वजन हातातून पडले की फरशीवर घाव बसणारच. म्हणून किनारीचा आतला काठ आणि त्यातल्या खोल अक्षरांच्या कडा बघाव्यात. याशिवाय रिस्ट्राइकचे, म्हणजे जुन्या ठशांवरून नंतर पाडलेल्या नाण्यांचे, लचांड आहे. १८५० च्या सुमारास सोहो टांकसाळ मोडीत निघाली तेव्हा लंडनच्या डब्ल्यू. जे. टेलरने तिथले जुने ठसे घेतले आणि त्यांवरून संग्राहकांसाठी पुन्हा नाणी पाडली. तीही प्रूफच, पण बोल्टनची नव्हेत. ठशांना गंज लागला होता. गंजाने ठशात खड्डे पडतात आणि नाण्यावर तेच पुरळासारखे उंच ठिपके होऊन येतात. आरशासारख्या फील्डवर असे पुरळ दिसले तर टेलर आठवावा. सोहोची यंत्रे मात्र राल्फ हीटनने घेतली. त्याच घराण्याच्या टांकसाळीने पुढे पाडलेल्या १८७४, १८७५, १८७६, १८८१ आणि १८८२ च्या पेनीवर सनाखाली एच हे अक्षर आहे. ते टांकसाळीचे चिन्ह. त्याचा प्रूफशी काही संबंध नाही, कोणी कितीही ठासून सांगितले तरी.

वजन आणि दिशा यांवरून प्रूफ ठरत नाही, खोटे नाणे तेवढे बाहेर पडते. १८२५ पासूनची तांब्याची पेनी १८.८ ग्रॅम, ३४ मिलिमीटर. १८६० पासूनची ब्राँझची, सुरुवातीला ९५ टक्के तांबे, ४ टक्के कथील आणि १ टक्का जस्त या मिश्रणाची, ९.४५ ग्रॅम आणि जेमतेम ३१ मिलिमीटर. तांब्याच्या चलनी पेनीत छापा सरळ धरून उभ्या अक्षावर फिरवला की काटा उलटा दिसतो. प्रूफ दोन्ही दिशांच्या मिळतात. एवढ्यावर निकाल देऊ नये.

मुंबईचा संबंध इथे दोनदा येतो. सोहोतच १७९१ आणि १७९४ साली मुंबई इलाख्यासाठी तांब्याची नाणी पाडली गेली. एका बाजूला ईस्ट इंडिया कंपनीची निशाणी, दुसऱ्या बाजूला तराजू आणि फारसी लिपीत ‘अदल’, म्हणजे न्याय. त्यांच्या ब्राँझ्ड आणि मुलामा दिलेल्या प्रूफ आहेत, आणि वर सांगितलेले सगळे त्यांना जसेच्या तसे लागू पडते. दुसरा संबंध दुसऱ्या महायुद्धातला. १९४२ आणि १९४३ साली ऑस्ट्रेलियाच्या पेनी मुंबईच्या टांकसाळीत पाडल्या. काट्याच्या बाजूला कांगारू, आणि छाप्याच्या बाजूला राजाच्या मानेखाली इंग्रजी आय, म्हणजे इंडिया. हा आय दाखवून ‘मुंबई प्रूफ’ म्हणून विक्री चालते. आय असलेल्या पेनी चलनासाठी लाखोंनी निघाल्या, त्या साध्या आहेत. मुंबईच्या खऱ्या प्रूफ आहेत, पण फार थोड्या, आणि नंतरच्या रिस्ट्राइकही आहेत. आपल्या टांकसाळी जुन्या ठशांवरून संग्राहकांना नाणी पाडून देत असत. ती प्रथा १९७० मध्ये बंद झाली. तेव्हा इथे ‘प्रूफ की साधी’ एवढ्यावर न थांबता ‘तेव्हाची की नंतरची’ हेही विचारावे लागते. पुरळ, ठशातल्या भेगांच्या उंच रेघा आणि नव्याने पॉलिश केल्यामुळे बारीक झालेली अक्षरे, ही उत्तराची सुरुवात.

ऑनलाइन घेणाऱ्यांनी छाप्या-काट्याच्या फोटोवर पैसे पाठवू नयेत. कडेचा जवळून फोटो आणि एका दिव्याखाली पेनी फिरवतानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ मागावा. देत नसेल तर त्याचे कारण बहुधा बोथट असते, किनारीसारखे. घरात प्रूफ निघालीच तर मऊ प्लॅस्टिकच्या, वास येणाऱ्या पाकिटात ठेवू नये. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्यातून हिरवा चिकट थर सुटतो आणि तांबे कळकते. कडक, गोल कॅप्सूल आणि डब्यात सिलिका जेलची पुडी, एवढे पुरे. फील्डवर उमटलेला अंगठा त्या दिवशी दिसत नाही, चार-सहा महिन्यांनी तपकिरी होऊन वर येतो आणि मग कशानेच जात नाही.

१९६७ च्या त्या पेनीखालची ओळ पुढच्या रविवारी दुरुस्त करावी, ही विनंती. छायाचित्र मोठे करून पाहिले तर उजवीकडची किनार उतरती दिसते आहे.

आपले,
जुन्या तांब्या-ब्राँझच्या नाण्यांचे दोन अभ्यासक, पुणे